देऊन टाकलेली परिक्रमा

मी लिहायला बसलो आहे, हे मलाच अजून नीटसे पटलेले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवलेले नाही. अंजनगावला आमचा पानमळा आहे. वडिलांना पानाच्या देठावरून वेलाचे वय सांगता येते, पण स्वतःचे नाव वाचता येत नाही. अशा घरातल्या माणसाने दुसऱ्याची हकीकत लिहावी, आणि तीही ज्यांच्या शेजारी मला बसता येत नसे अशा पुराणिकाची, हे धाडसच आहे. ज्यांना ते खटकेल त्यांची मी आधीच क्षमा मागतो. चरित्र म्हणावे असे माझ्याजवळ काही नाही. त्यांचे जन्मगाव मला ठाऊक नाही, वयही अंदाजानेच सांगेन. त्यांच्या चार सवयी, काही बोलणी आणि एका दुपारी घडलेली गोष्ट, एवढेच मला माहीत आहे.

लिहिण्याला कारण असे झाले. गेल्या महिन्यात इथे मुंबईला आमच्या कॉलेजात साहेब प्रोफेसरांनी विलायती वाङ्मयातली एक जुनी दंतकथा सांगितली. एका विद्वानाने काही वर्षांच्या सुखासाठी आपला आत्मा सैतानाला विकला आणि रक्ताने सही करून दिली. ती कथा किती कवींनी किती तऱ्हांनी लिहिली हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, तुमच्या भाषेत असे काही आहे काय? पुढच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला की आमच्यात आत्म्याला गिऱ्हाईकच नाही. सगळे हसले, प्रोफेसरही हसले. मी मागे होतो. मला सांगायचे होते की गिऱ्हाईक आहे. मी पाहिले आहे, त्याच्या घरी मी ताक प्यालो आहे. पण माझे इंग्रजी अडखळते, आणि मराठी वऱ्हाडी आहे म्हणून मुले ओठ दाबतात. मी उठलो नाही. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

केशवपंत अमरावतीला परकोटाच्या आतल्या मराठी शाळेत मुख्य पंतोजी होते. मी विशीत तिथे दुय्यम म्हणून लागलो. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्या कापसावाचून उपाशी होत्या, आणि आमच्या काळ्या मातीला कधी नव्हता तो भाव आला होता. कापसाच्या गाड्यांची रांग वेशीपासून पार नाल्यापर्यंत लागे. शाळेच्या खिडकीतून सरकीचा भुगा आत येई आणि पाट्यांवर बसे. शिकवताना अर्धा वेळ पाट्या पुसण्यातच जाई.

पंतांकडे पाहिले की आधी त्यांचे पाय दिसत. रुंद, पसरलेले, टाचांना भेगा. बोटे एकमेकांपासून सुटलेली. तरुणपणी त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली होती. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, मागून खायचे, अनवाणी चालायचे. असे समुद्रापर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने उगमाकडे आणि पुन्हा जिथून निघालो तिथे. त्यांना तीन वर्षांवर लागली. त्यानंतर त्यांनी पायांत कधी काही घातले नाही. शाळेत शिरताना, कोणी भेटले तर, मुलाला उत्तर बरोबर आले तर, छडी मारून झाल्यावरसुद्धा ते "नर्मदे हर" म्हणत. मुले त्यांना पाठीमागे नर्मदेपंत म्हणत. ते त्यांना माहीत होते.

उजवी बाजू त्यांच्या अंगात भिनली होती. विहीर असो, पिंपळ असो, ते उजव्या हाताला ठेवूनच पुढे जात. एकदा भर बाजारात रस्ता अडवून रवंथ करत बसलेल्या म्हशीलाही त्यांनी पुरी प्रदक्षिणा घातली. म्हैस डाव्या हाताला ठेवली तर दोन पावलांची वाट होती. मी विचारले तेव्हा म्हणाले, "पाय ऐकत नाहीत रे. मी म्हैस डाव्या हाताला ठेवून निघालो असतो, पायच तिकडून गेले." हे म्हणताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही, आणि मग आम्ही दोघेही हसलो.

शनिवारी दुपारी धडे संपले की मुले शूलपाणीच्या झाडीची गोष्ट मागत. त्या जंगलात भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात. पंतांचे धोतर, पळी, घोंगडी, सगळे गेले. लंगोटीवर राहिले. पुढच्या पाड्यावर एका भिल्लिणीने त्यांना मक्याचे भाजलेले कणीस दिले आणि ते खाताना ती यांच्याकडे पाहून पोट धरून हसली. पंत ते हसणे करून दाखवत. वर्ग फुटून हसे. मग ते म्हणत, "लुटणारा तिचा, देणारी तिची. आपलं काय? आपलं फक्त चालणं." मी ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकली असेल. ते कणीस दर वेळी थोडे मोठे होई.

हजेरीपटावर ते नर्मदेचा एक गोटा ठेवत. तांबूस, अंड्याएवढा, आरपार पांढरी रेघ असलेला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवलेला एक पाटील मुलाला शाळेत घालायला आला आणि त्या गोट्यासाठी हटून बसला. काय घ्याल ते सांगा, म्हणाला. पंत म्हणाले, "पाटील, नर्मदेत पडले आहेत. फुकट. जाऊन एक उचलून आणा." पाटील म्हणाला, "मंग तुमाले द्यायले काय झालं?" पंतांनी शांतपणे सांगितले, "माझ्या गोट्याला येण्याजाण्याचं चालणं लागलेलं आहे. ते कसं देऊ?" पाटलाला ते पटले नसावे. मला पटले होते.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पंत माझ्या हातचे पाणी पीत नसत. शाळेत त्यांचा तांब्या वेगळ्या कोनाड्यात असे आणि उन्हाळ्यात तो रिकामा झाला तर ते संध्याकाळपर्यंत तहानलेले राहत, पण मला भर म्हणत नसत. त्यात माझा अपमान आहे असे मला तेव्हा वाटले नाही. इथे आल्यावर वाटू लागले. पण याच माणसाने शाळा सुटल्यावर मला रोज तासभर संस्कृताची रूपे शिकवली, ओटीच्या दोन टोकांना दोघे बसून, मोठ्याने ओरडून. शेजारची म्हातारी म्हणे, हे दोघे रोज कायले भांडतात?

त्या सुमारास गावात एक पाद्रीसाहेब आले होते. धर्म बाटवायला आला आहे म्हणून लोक त्यांना टाळत, पण माणूस भला होता. त्यांनी ती सैतानाची कथा मराठीत लिहायला घेतली होती आणि मराठी तपासून घ्यायला ते दर आठवड्याला पंतांकडे येत. अंगणात बाजेवर बसत. मीही असे. पंतांनी पहिल्याच पानावर बोट ठेवले.

"साहेब, याने आत्मा विकला म्हणता. तो याचा होता काय?"

"मग कोणाचा?"

"तेच तर. आमच्या मते आत्मा कोणाचाच नसतो. आपला नव्हे ते विकणं म्हणजे चोरी. मग तुमचा विद्वान चोर ठरला आणि सैतान फसला. कथा बिघडते."

पाद्रीसाहेब मनापासून हसले. पण जाताना त्यांनी उलट विचारले की मग तुमच्या माणसाजवळ गमावण्याजोगे काय आहे? पंत आठ दिवस तो प्रश्न घेऊन फिरत होते. फळ्यावर हिशेब घालता घालता थांबत. पुढच्या खेपेला साहेब बसायच्या आत त्यांनी उत्तर दिले: पुण्य. ते आपण मिळवतो, म्हणून ते आपले. आणि आपले म्हणून ते देता येते. मरणाऱ्याच्या हातावर नातेवाईक पळीभर पाणी सोडतात, माझ्या अमुक एकादशीचे पुण्य तुला दिले म्हणतात, आणि ते त्याच्याबरोबर जाते. जिवंत माणसालाही देता येते. एकदा पाणी सोडले की देणाऱ्याचे त्यावर काही उरत नाही. पाद्रीसाहेबांनी वही मिटली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "आमचा सैतान नरकातून यावा लागतो, पंत. तुमच्यात तर शेजारी चालेल."

पंतांना हे वाक्य फार आवडले. इतके आवडले की त्यांनी त्याची कथा रचली.

चातुर्मासात विठ्ठलाच्या देवळात दुपारी ते पुराण सांगत. बायका, म्हातारे, बाजाराला आलेले शेतकरी बसत. मी सभामंडपाच्या पायरीवर असे. त्या दिवशी पोथी बाजूला ठेवून त्यांनी सांगितले की एका माणसाने वाटसरूंसाठी विहीर खणली. एक श्रीमंत चोर आला आणि म्हणाला, विहीर तुझीच राहू दे, मला तिचे पुण्य दे. माणसाने विचार केला, विहीर राहते, पाणी राहते, मग गेले काय? त्याने हातावर पाणी सोडले. पुढे वाटसरू येत, पाणी पीत, तृप्त होत. पण खणणाऱ्याने स्वतः ओंजळ भरून प्यायले, की तहान तशीच. जन्मभर तो आपल्याच विहिरीच्या काठावर तहानलेला बसून राहिला.

बायका डोळे पुसू लागल्या. पंतांचा आवाज इतका कधी लागला नव्हता. तेवढ्यात खांबाजवळून कोणीतरी विचारले, "महाराज, पन असं खरंच जाते का? पानी सोडल्यानं?"

"जातं," पंत म्हणाले. "म्हणून तर सांभाळायचं."

विचारणारा हिरासेठ होता, गावातला कापसाचा मोठा व्यापारी. पंतांनी ती कथा इशारा म्हणून सांगितली आणि त्याने ती पत्ता म्हणून ऐकली. हे मला आज कळते. त्या दिवशी मी पायरीवर बसून अभिमानाने इकडेतिकडे पाहत होतो.

पंतांचा मुलगा माधव हिरासेठच्या वखारीत कारकून होता. बायको गेल्यावर पंतांनी त्याला एकट्याने वाढवले होते. कापसाच्या गठाणी बांधून झाल्या की त्यांवर खुणेची चिठ्ठी लावणे त्याचे काम. दिवाळीनंतर शाळेत बातमी आली की खामगावला कापूस तपासणाऱ्या साहेबाने हिरासेठच्या काही गठाणी फोडल्या आणि आतून पाणी निघाले. वजन वाढावे म्हणून कापसात पाणी मारण्याचा प्रकार तेव्हा बोकाळला होता आणि सरकारने त्याला कैद ठेवली होती. चिठ्ठ्या माधवच्या हातच्या होत्या. दोन दिवसांनी सेठचा माणूस पंतांना बोलवायला आला. पंत मला म्हणाले, "तू चल. वाटेत बोलायला कोणी तरी पाहिजे." वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत.

हिरासेठ अंथरुणावर होता. पोट फुगून ढोलासारखे झाले होते, हातपाय काड्या. वैद्याने सोडून दिले होते. मी दाराशी बसलो.

"बसा महाराज. माह्याच्यानं उठनं होत नाई," तो म्हणाला. "माधवचं तुमाले समजलंच असन."

"पाणी कोणाच्या हुकमानं मारलं?"

"माह्या. तुमच्यापुढं खोटं कायले बोलू? आता मी मरून राहिलो. पन चिठ्ठी पोट्ट्याची हाय. मी साहेबाले सांगतलं का पोट्ट्यानं केलं, तं पोट्टा गेला. मी सांगतलं का गाडी नाल्यात उलटली, तं सुटला. परवा साहेब येते."

सेठ छताकडे पाहत म्हणाला, "मले तुमची परिक्रमा द्या."

बाहेर वखारीत गठाणी दाबणाऱ्या माणसांचे हुंकार येत होते. मला वाटले होते पंत संतापतील. त्यांनी फक्त विचारले, "भीती कशाची वाटते?"

"वाटेची. तिकडं एकट्यानं पायी चालाव लागते म्हन्तेत. मी जलमात चाललो नाई, महाराज. गाडीत बसलो, घोड्यावर बसलो. तुमी चालले. अन् तुमीच देवळात सांगतलं ना, जाते म्हनून."

मी हे लिहिताना सेठला दुष्ट करू शकलो असतो तर सोपे झाले असते. पण तो धमकी देत नव्हता. लहान मूल अंधाराला भिते तसा तो भ्याला होता, आणि त्याच्या हातात नेमकी एकच किल्ली होती.

पंतांनी हातपाय धुतले. तीळ आणि दर्भ मागितले. सेठचा उजवा हात स्वतः उचलून उघडा केला, कारण त्याची बोटे मिटलेलीच राहत होती. मग संकल्प सांगितला. नुसते परिक्रमेचे पुण्य म्हटले असते तरी चालले असते. पण पंत तसे नव्हते. ते एकेक जागा घेत गेले. ओंकारेश्वराहून उचललेले पहिले पाऊल, पावसाळ्यात अडकून काढलेले चार महिने, तापात घालवलेला पंधरवडा, समुद्राशी होडीची वाट पाहणे. मग शूलपाणीची झाडी, तिथे गेलेली घोंगडी. आणि शेवटी मक्याचे कणीस. काही मागे ठेवले नाही. "न मम," ते म्हणाले आणि पळी कलती केली.

सेठने तो ओला हात छातीवर चोळला आणि रडू लागला. घरच्या बाईने आम्हाला ताक आणून दिले. मी प्यालो. मला तहान लागली होती, आणि नाही म्हणायचे मला सुचले नाही. पंतांनी प्याला तसाच ठेवला.

सेठच्या अंगणात आड आहे. बाहेर पडताना पंत तो डाव्या हाताला ठेवून सरळ चालत गेले. मी मागून ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर गोटा नव्हता. तो त्यांनी सकाळीच सेठकडे पोचवला होता. मुले उठून "नर्मदे हर, पंतोजी" म्हणाली, तर ते "बसा" म्हणाले. शनिवारी पोरांनी झाडीची गोष्ट मागितली. पंत पाटी पुसत राहिले. मग म्हणाले, "ती आता हिरासेठची आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये." मुलांना वाटले ते थट्टा करत आहेत, एका खोडकर पोराने भिल्लिणीसारखे हसून दाखवले. पंतांनी त्याला मारले नाही. दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

साहेब येऊन गेला, गाडी नाल्यात उलटल्याचे सेठने सांगितले, माधव सुटला. आठव्या दिवशी हिरासेठ गेला. झोपेत गेला आणि चेहरा लेकरासारखा होता, असे गावभर झाले. पंतांनी ते ऐकले आणि मान हलवली. देवळातले पुराण त्यांनी कायमचे सोडले. पाद्रीसाहेब दोनदा वही घेऊन आले आणि अंगणातूनच परत गेले.

मला ते पाहवेना. मी तेव्हा इंग्रजी पुस्तके वाचू लागलो होतो, आणि नव्या विद्येने माणसाचे दुःख दूर होते अशी माझी समजूत होती. एका संध्याकाळी ओटीच्या माझ्या टोकाला बसून मी धीर केला. म्हणालो, "पंत, रागावू नका. हातावरून दोन पळ्या पाणी गेलं. तेवढ्यानं तीन वर्षांचं चालणं कसं जाईल? पाय तर तुमचेच आहेत. मला वाटतं, काही गेलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या दिवसांत नीट असे पहिल्यांदाच पाहिले.

"नाही गेलं म्हणतोस? मग बापाच्या नावानं मी आजवर सोडलेलं पाणी, ते कुठं गेलं? बायको गेली तेव्हा तिच्या हातावर मी माझ्या सगळ्या एकादश्या दिल्या. ती हसली होती, सोनबा. तेही सांडलंच म्हणायचं?" मग हळू आवाजात, वर्गात उदाहरण समजावून देत तसे, ते म्हणाले, "गेलं असेल तर मी रिकामा. गेलं नसेल तर मी खोटा. मरणाऱ्या माणसाला पाणी दाखवून पोरगा सोडवून आणला. यातलं बरं कोणतं, ते तू सांग. तू शिकतो आहेस."

मला सांगता आले नाही. आजही येत नाही. त्यांच्याजवळ एकच दुःख होते तिथे मी दुसरे नेऊन ठेवले, एवढे मला कळते. त्या दिवसापासून त्यांनी माझी संस्कृताची रूपे घेणे बंद केले. म्हणाले, आता तुला पुष्कळ येते.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचा भाव आडात दगड पडावा तसा पडला. चांदीच्या शेंब्या शिंगांवरून उतरल्या. अमरावतीच्या अर्ध्या वखारींना कुलुपे लागली. लोक म्हणत, हिरासेठ वेळेवर गेला, पुण्यवान माणूस. माधवला अकोल्याला रेल्वेच्या आवाराजवळ दुसऱ्या व्यापाऱ्याकडे काम मिळाले. पंतांनी शाळा सोडली आणि ते त्याच्याबरोबर गेले.

मी परीक्षा पास झालो. कॉलेजात येण्यासाठी निघालो तेव्हा वाटेत अकोल्याला उतरलो. माधवचे घर सापडले. पंत घरी नव्हते. मोर्णेच्या काठी असतील, असे सुनेने तुटकपणे सांगितले. खरेच तिथे होते. ऊन चढले होते. नदीला धार बारीक होती. ते वाळूत बसले होते, नदीकडे पाठ करून.

मला त्यांनी ओळखले. कुठे चाललास, फी कोण देणार, वडील काय म्हणाले, सगळे विचारले. वडिलांनी पानमळ्याचा एक वाफा मोडला हे ऐकून म्हणाले, "मग नीट शीक. वाफा पुन्हा लावायला तीन वर्षं जातात." मी माधवचे विचारले. पंत वाळूत बोटाने रेघा ओढत होते.

"काल मी त्याला भाकर द्यायला वखारीत गेलो होतो. माणसं गठाणीत मशकीनं पाणी मारत होती. माधव उभा राहून सांगत होता, कुठं मारायचं, किती." मग म्हणाले, "मला पाहून लाजला नाही. म्हणाला, बाबा, असंच करतात. अमरावतीलाही मीच करत होतो, सेठनं मला कधी जबरदस्ती केली नाही."

माझ्याजवळ शिदोरी होती, तांब्या होता. मी उठून नदीतल्या डोहातून तांब्या भरून घेतला, वाटेसाठी म्हणून. परत आलो तर पंतांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली होती.

मला समजले नाही. मी तसाच उभा राहिलो.

"घाल," ते म्हणाले. "माझं आता काय बाटणार आहे?"

मी पाणी ओतले. ते प्यायले. मी पुन्हा ओतले. चार वर्षे मी या एका गोष्टीची मनात कुठेतरी वाट पाहत होतो, हे मला त्या क्षणी कळले. आणि ती अशी व्हावी याची मला लाज वाटली. तांब्या संपला. त्यांनी हात झटकले, तोंड पुसले नाही. "तहान जात नाही रे," असे सहज म्हणाले, उन्हाळ्याबद्दल बोलावे तसे. मी गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. वळून पाहिले तेव्हा ते उठून काठाने चालू लागले होते. नदी त्यांच्या डाव्या हाताला होती.

ते माझे शेवटचे पाहणे. त्यानंतर वर्षभराने माधवने कळवले की बाबा घरातून न सांगता निघून गेले. मी दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही.

या पावसाळ्यात आमच्या अंजनगावचा एक म्हातारा गोसावी परिक्रमा पुरी करून आला. त्याने वडिलांना सांगितलेली हकीकत धाकट्या भावाने कोणाकडून तरी लिहवून मला पाठवली. पत्र काल पोचले. हा लेख अर्धा लिहून झाला होता.

नर्मदेच्या काठी एका धर्मशाळेत गोसाव्याला वऱ्हाडातून आलेला एक म्हातारा भेटला. पाय रुंद होते, बोटे सुटलेली. अमरावतीच्या शाळेत पंतोजी होतो, एवढे त्याने सांगितले. तो वर्षभर काठाकाठाने चालत होता, पण परिक्रमावासी नव्हता. त्याने परिक्रमेचा संकल्प केलेलाच नव्हता. गोसाव्याने समजावले की संकल्पाशिवाय चालण्याचे पुण्य लागत नाही, हे पाय फुकट झिजत आहेत. म्हातारा म्हणाला, ठाऊक आहे. कोणी "नर्मदे हर" म्हटले की तो नुसती मान लववी. पुढे त्याला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी बोलणे बंद झाले. धर्मशाळेत अंजनगावाकडच्या बायका उतरल्या होत्या. परक्या मुलखात आपल्याकडचा माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून त्यांतल्या एका म्हातारीने त्याचा हात मांडीवर घेतला, बोटे उलगडली आणि पळी भरून म्हणाली, "बावा, माह्या सोळा सोमवाराचं पुन्य तुमाले देलं, घ्या."

डोळे मिटलेले होते. हातात जोर नव्हता. पण पाणी पडायच्या आत त्याने हात उपडा केला. म्हातारीला वाटले हात सुटला, म्हणून तिने पुन्हा सुलटा करून धरला. त्याने पुन्हा उपडा केला.

पाणी चटईवर सांडले, असे गोसाव्याने सांगितले.